आधी पाणी, मग तेल

नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. दर्याला नारळ वाहून होड्या समुद्रात गेल्या होत्या. आबांची होडीही गेली होती. होडीवर आबा तांडेल. बरोबर त्यांचे दोन मुलगे आणि दोन खलाशी.

रात्र झाली. वारा वाढला. आबांनी खाडीच्या तोंडापासून थोड्या अंतरावर नांगर टाकला. दोराच्या टोकाला तीन वाव साखळी होती. साखळीला नांगर होता. होडी डुलत उभी राहिली. मंडळी जेवून आडवी झाली.

मध्यरात्री एक हिसका बसला. धाकटा उठून बसला. होडी डुलत नव्हती. ती वाहत होती.

"आबा, उठा! होडी चाललीय!"

समोर काळे खडक दिसत होते. त्यांच्यावर लाटा फुटत होत्या. आबांनी इंजिनाकडे धाव घेतली. पहिल्या खेपेला इंजिन लागले नाही. दुसऱ्या खेपेला लागले. होडी वळली, तेव्हा खडक हाकेच्या अंतरावर होते.

सकाळी होडी बंदराला आली. माणसे सुखरूप होती. पण नांगर गेला, दोन वाव साखळी गेली, पहिल्या खेपेची मासळीही गेली. नवा नांगर घ्यायला घरात पैसे नव्हते. सूनबाईने हातातल्या दोन बांगड्या काढून दिल्या. त्या सावकाराकडे गहाण पडल्या.

साखळी का तुटली?

बंदरावर इंजिने दुरुस्त करणारे एक मिस्त्रीकाका होते. दोराला राहिलेला साखळीचा तुकडा त्यांनी हातात घेतला. वरून साखळी काळी आणि तेलकट होती. काकांनी एका कडीवर हातोडीचा हलका ठोका दिला. तपकिरी पापुद्रे खाली पडले. आतली कडी अर्धी झाली होती.

"साखळीला वंगण कोण लावतं?" काकांनी विचारले.

"मी लावतो," थोरला म्हणाला. "दर वर्षी मे महिन्यात लावतो. अगदी सढळ हाताने लावतो."

"आणि लावण्याआधी साखळी धुतोस का?"

थोरला गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "मे महिन्यात प्यायला पाणी नसतं, काका. लोखंड कशाने धुणार?"

"मग तू मिठावर तेल लावलंस, पोरा. वर तेल आणि आत मीठ. ही एका पावसाळ्याची करणी नाही. चार-पाच पावसाळे गंज आतून खात होता. काल रात्री त्याचं खाऊन संपलं."

थोरल्याला वाईट वाटले. तो आळशी नव्हता. त्याने काम केले होते, पण कामाचा क्रम चुकला होता.

गंज म्हणजे काय?

संध्याकाळी मिस्त्रीकाका घरी आले. चहा झाला. सूनबाई रात्रीच्या साक्षरता वर्गाला जात असे. तिने विचारले, "काका, गंज म्हणजे नेमकं काय? लोखंडाला रोग होतो का?"

काका म्हणाले, "रोग नव्हे. लोखंड आपल्या घरी परत जातं, एवढंच."

मग त्यांनी सांगितले ते असे. लोखंड जमिनीतून शुद्ध निघत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात रेडीला लोखंडाच्या खाणी आहेत. तिथली माती तांबूस दिसते. त्या खनिजात लोखंड आणि प्राणवायू एकमेकांना बिलगून असतात. मोठ्या भट्टीत घालून, खूप उष्णता देऊन माणूस त्यांना वेगळे करतो. तेव्हा आपल्याला लोखंड मिळते.

पण लोखंडाची ओढ जुन्या सोबत्याकडेच असते. हवेत प्राणवायू आहे. त्याला पाण्याची साथ मिळाली, की लोखंड आणि प्राणवायू पुन्हा एकत्र येतात. त्याची तांबूस भुकटी होते. तोच गंज.

म्हणजे गंज चढायला दोन गोष्टी लागतात. एक हवा आणि दुसरे पाणी. यांतली एक जरी अडवली, तरी गंज थांबतो.

"मग मिठाचं काय काम?" धाकट्याने विचारले.

मीठ स्वतः लोखंड खात नाही. पण ते दोन प्रकारे गंजाला मदत करते.

पहिला प्रकार असा. गंज चढताना लोखंडात अगदी बारीक वीज वाहत असते. ती आपल्याला जाणवत नाही. गोड्या पाण्यातून ही वीज सहज जात नाही. खाऱ्या पाण्यातून ती सहज जाते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणून समुद्राच्या पाण्यात गंज झपाट्याने चढतो.

दुसरा प्रकार घरातल्या बाईला आधीच ठाऊक आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते. ते पाणी कुठून येते? हवेतून येते. मीठ दमट हवेतले पाणी ओढून घेते. साखळीवर मीठ राहिले, की तेही तसेच पाणी ओढते. आपण म्हणतो, साखळी घरात कोरडी ठेवली आहे. पण साखळी रोज रात्री ओली होत असते.

आता वर्षाचा हिशेब पाहा. आपल्या महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. माशांना अंडी घालायला आणि वाढायला वेळ मिळावा, म्हणून ही बंदी. तेव्हा नांगर, साखळ्या, पाने, गळ सारे घरात पडून असते. त्याच दोन महिन्यांत हवा फार दमट असते. आपण विसावा घेतो, तेव्हा गंजाचा हंगाम चालू होतो.

तांब्यावर हिरवट थर चढतो. तो थर घट्ट असतो आणि खालच्या तांब्याला बराच सांभाळतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो फुगतो, सुटतो, पापुद्र्यांनी गळतो. खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. म्हणून "वरवर गंज आहे, आत लोखंड चांगलं आहे" असे समजून स्वस्थ बसू नये.

आबा म्हणाले, "पण दिल्लीला एक लोखंडी खांब आहे म्हणतात. तो गंजत नाही."

"खरं आहे," काका म्हणाले. कुतुबमिनाराजवळचा तो स्तंभ सुमारे १६०० वर्षांचा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस नावाचे द्रव्य जास्त आहे. त्यामुळे त्याच्यावर एक पातळ, घट्ट थर बसला आहे. तो थर त्याला राखतो. शिवाय दिल्लीची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते. "आपल्या साखळीचं लोखंड तसं नाही, आबा. आणि आपली हवाही तशी नाही. आपल्याला हातानेच राखण करावी लागेल."

सूनबाईचे पाच खिळे

सूनबाईला काकांचे बोलणे पटले. पण सासूबाईंना पटले नाही. त्या म्हणाल्या, "तेल लावलं की झालं. आमच्या आजेसासऱ्यांपासून असंच चालत आलंय."

सूनबाईने वाद घातला नाही. तिने दुकानातून पाच साधे लोखंडी खिळे आणले. जस्ताचा मुलामा दिलेले पांढरे खिळे तिने घेतले नाहीत. खिळे साबणाने धुऊन कोरडे केले.

पहिला खिळा तिने कोरड्या बाटलीत ठेवून झाकण घट्ट लावले.

दुसरा खिळा गोड्या पाण्याच्या पेल्यात टाकला.

तिसरा खिळा मिठाच्या पाण्याच्या पेल्यात टाकला.

चौथा खिळा समुद्राच्या पाण्यात बुडवून वाळवला. न धुता त्याला तेल लावले आणि दोरा बांधून पडवीत टांगला.

पाचवा खिळाही समुद्राच्या पाण्यात बुडवला. पण तो गोड्या पाण्याने धुतला, पुसला, वाळवला. मग त्याला तेल लावले आणि चौथ्याच्या शेजारी टांगला.

प्रत्येकाजवळ तिने चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर आकडा आणि तारीख लिहिली. वर्गात शिकलेले लिहिणे असे कामी आले.

काही दिवसांनी तिसऱ्या खिळ्याभोवती पाणी तांबूस झाले. दुसऱ्यावरही गंज आला, पण कमी. पहिला खिळा जसाच्या तसा राहिला. टांगलेल्या खिळ्यांना जास्त दिवस लागले. पाऊस चालूच होता. एक दिवस चौथ्या खिळ्यावर तेलातून तांबूस ठिपके दिसू लागले. पाचवा स्वच्छ होता.

सूनबाईने दोन्ही खिळे सासूबाईंच्या तळहातावर ठेवले. ती काही बोलली नाही. सासूबाईंनी ते उजेडात धरले. मग त्या म्हणाल्या, "तेल दोघांनाही लावलं होतंस?"

"दोघांनाही. एकाच बाटलीतलं."

सासूबाई म्हणाल्या, "मग पाण्याचंच काहीतरी बघायला हवं."

हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. खर्च पाच खिळ्यांचा आहे.

एक बादली पाणी पुरते

पुढचा मे महिना आला. विहीर खाली गेली. नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागले. होडी वर ओढली गेली. आता खरी अडचण उभी राहिली. पाणी माणसांना पुरेना, मग लोखंडाला कुठून आणायचे?

घरात विचार झाला. सासूबाईंनीच वाट काढली. त्या म्हणाल्या, "मी एका बादलीत घरभरची भांडी विसळते. साखळीला तेवढं का पुरू नये?"

त्यांनी काम असे केले. तुम्हीही असेच करा.

आधी कोरडे काम. काथ्याने किंवा तारेच्या ब्रशाने माती, खवले, वाळू, सुटा गंज झाडून काढा. जुने वंगण चिंधीने पुसा. घाणीत मीठ लपून बसते. घाण गेली की पाणी कमी लागते.

मग एक बादली गोडे पाणी घ्या. अर्धे पाणी एका घमेल्यात ओता. वस्तू त्यात अर्धा तास भिजू द्या. नुसते पाणी शिंपडू नका. कड्यांच्या सांध्यांतले मीठ सुटायला वेळ लागतो. मग ब्रशाने घासा.

आता वस्तू बाहेर काढून दुसऱ्या घमेल्यात, उरलेल्या स्वच्छ पाण्यात विसळा. हे विसळण्याचे पाणी फेकू नका. पुढच्या वस्तू भिजवायला तेच वापरा. असे करत गेले, म्हणजे थोड्या पाण्यात पुष्कळ काम होते.

पाणी गोडे आहे ना, हे आधी पाहा. किनाऱ्याजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळ पाणी येते. त्याने धुतले तर काम फुकट जाईल. पाण्याचे दोन-तीन थेंब काचेवर वाळू द्या. जाड पांढरा डाग राहिला, तर ते पाणी शेवटच्या विसळण्याला वापरू नका.

आणि घरात अगदीच पाणी नसेल, तर? सासूबाईंनी आभाळाकडे बोट दाखवले. पावसाचे पाणी गोडे असते आणि फुकट मिळते. पहिल्या सरीने छपरावरची धूळ आणि मीठ वाहून जाते. ते पाणी जाऊ द्या. नंतरचे पागोळीचे पाणी पिंपात धरा. साखळ्या तोपर्यंत बाजूला ठेवा. पण धुण्याआधी त्यांना तेल लावू नका. तेलाखाली मीठ कोंडले, की ते काढणे कठीण होते.

धुऊन झाले की वाळवा. कोरड्या फडक्याने पुसा आणि कडक उन्हात ठेवा. साखळी टांगून ठेवली, तर सांध्यांतले पाणी निथळते. वस्तू हाताला कोरडी आणि कोमट लागली, म्हणजे तेल लावायची वेळ झाली. कोमट लोखंडावर तेल चांगले पसरते आणि फटींत शिरते.

क्रम हा असा आहे. झाडा, धुवा, वाळवा, मग तेल लावा. यातली एकही पायरी गाळू नका.

कोणत्या वस्तूला काय करावे?

साखळी आणि नांगर. प्रत्येक कडी हाताने फिरवून पाहा. दोन कड्या जिथे एकमेकींना घासतात, तिथे झीज जास्त होते. तिथली जाडी दहावा भाग कमी झाली असेल, तर ती साखळी नांगराला वापरू नका. जोडकडीचा खिळा काढून पाहा. तो वरून धड दिसतो आणि आत बारीक झालेला असतो. खिळ्याच्या आट्यांना ग्रीस लावा. खिळा सुटू नये म्हणून तो तारेने बांधा. ती तारही दर हंगामाला बदला.

पाने, पक्कड, हातोडी, कानस. समुद्रावर वापरलेले हत्यार त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने पुसा. आठवड्यातून एकदा मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. पकडीच्या सांध्यात एक थेंब सोडा. हत्यारे ओल्या गोणपाटात गुंडाळू नका. गोणपाट मीठ आणि पाणी दोन्ही धरून ठेवते. पेटीत लाकडाचा भुसाही नको. पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. घामट हातांनी हाताळलेले हत्यारही गंजते, हे विसरू नका.

गळ आणि गरी. वापरलेला ओला गळ कोऱ्या गळांच्या डबीत परत टाकू नका. एका ओल्या गळाने सारी डबी तांबडी होते. वापरलेल्या गळांसाठी वेगळी डबी ठेवा. घरी आल्यावर ते गोड्या पाण्यात धुवा, कापडावर वाळवा आणि तेलाचे बोट फिरवा. पुन्हा वापरताना तेल पुसून घ्या. गळाचे डोळे आणि उलटा दात नीट पाहा. गंज आधी तिथेच लागतो. मोठा मासा गळ मोडून जातो, तो बहुधा तिथूनच. काठीला फिरते रीळ असेल, तर त्यावर जोराने पाणी मारू नका. जोराच्या पाण्याने मीठ आत ढकलले जाते. हलक्या धारेने धुवा, पुसा, आणि मूठ फिरवून वाळू द्या.

विळी आणि सुरी. मासे कापून झाले की धुऊन लगेच पुसा. यांना मशीनचे तेल लावू नका, कारण त्यांचा अन्नाशी संबंध येतो. खोबरेल तेलाचे बोट फिरवा. पण हे तेल हत्यारांच्या सांध्यांत घालू नका. काही दिवसांनी ते चिकट होते.

इंजिनातून काढलेले जळके तेल फुकट असते, म्हणून पुष्कळ जण तेच साखळीला फासतात. ते वापरू नये. त्यात घाण आणि आम्ले असतात. ते कातडीलाही वाईट. ते खाडीत ओतले, तर आपल्याच मासळीचे नुकसान होते.

जस्त आपला जीव देते

बाजारात जस्ताचा मुलामा दिलेली साखळी मिळते. ती साध्या साखळीपेक्षा महाग असते, पण खूप जास्त टिकते. याचे कारण गमतीचे आहे.

दोन वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले, तर त्यांतला एक धातू आधी झिजतो आणि दुसरा वाचतो. लोखंड आणि जस्त असेल, तर जस्त झिजते आणि लोखंड वाचते. पितळ आणि लोखंड असेल, तर लोखंड झिजते आणि पितळ वाचते. म्हणून पितळेच्या कडीत लोखंडी खिळा घालू नये. तो लवकर खाल्ला जातो.

इंग्लंडमधले शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली या गुणाचा उपयोग करून पाहिला. जहाजांच्या तळाला तेव्हा तांब्याचे पत्रे मारत. डेव्हींनी त्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे झिजायचे थांबले. पण एक नवी अडचण आली. झिजणाऱ्या तांब्यामुळे शेवाळ आणि शिंपले तळाला धरत नसत. तांबे झिजेनासे झाले, तसे ते धरू लागले. तांब्याच्या बाबतीत तो उपाय मागे पडला. लोखंडाच्या जहाजांना मात्र तीच युक्ती पुढे फार उपयोगी पडली.

अनेक होड्यांच्या पंख्याजवळ जस्ताचा ठोकळा बसवलेला असतो, तो याचसाठी. तो झिजतो, म्हणून पंख्याचा दांडा वाचतो. त्याला रंग लावू नका. रंगाने तो झाकला तर काम करत नाही. तो अर्धा झिजला की बदला.

स्टेनलेस स्टील कधीच गंजत नाही, असे पुष्कळांना वाटते. तेही पूर्ण खरे नाही. त्यात क्रोमियम नावाचा धातू असतो. त्यामुळे त्याच्यावर एक पातळ, न दिसणारे आवरण बसते. खारे पाणी ते आवरण जागोजागी भेदते आणि बारीक खड्डे पडतात. समुद्रावर वापरायच्या वस्तूला दुकानात ३१६ नंबरचे स्टील मागा. ३०४ नंबरपेक्षा ते खाऱ्या पाण्यात जास्त टिकते. तरीही धुणे सुटत नाही.

चढलेला गंज कसा काढावा?

थोडा गंज असेल, तर तारेच्या ब्रशाने किंवा पॉलिश पेपरने घासून काढा. डोळ्यांत कण जाऊ नयेत म्हणून चष्मा लावा.

गंज जास्त असेल, तर वस्तू रात्रभर शिरक्यात म्हणजे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. तांब्याची भांडी आपण चिंचेने किंवा आमसुलाने उजळतो, तशीच ही रीत आहे. आंबट पदार्थ गंज विरघळवतात. सकाळी वस्तू घासा. मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात धुवा, म्हणजे राहिलेला आंबटपणा मरतो. पुन्हा गोड्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा आणि तेल लावा. उशीर केला तर तासाभरात पुन्हा तांबूस रंग येतो.

दोन गोष्टी जपा. जस्ताचा मुलामा असलेली वस्तू शिरक्यात घालू नका. शिरका जस्त खाऊन टाकतो. आणि शिरक्यात ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

बोल्ट घट्ट बसला असेल, तर त्यावर गंज सोडवायचे तेल किंवा डिझेल सोडा आणि रात्रभर थांबा. जवळ चूल किंवा बिडी नको.

ज्या साखळीवर माणसांचा जीव टांगलेला आहे, तिचा गंज काढून ती नवी होत नाही. गेलेले लोखंड परत येत नाही. ती बदलावीच लागते.

गंजलेला गळ किंवा खिळा अंगात रुतला, तर काय करावे? धनुर्वात गंजामुळे होतो, असा समज आहे. तो गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू माती, शेण आणि घाणीत असतात. खोल जखमेतून ते शरीरात जातात. म्हणून खिळा गंजका असो की चकचकीत, जखम साबण-पाण्याने धुवा आणि लगेच आरोग्य केंद्रात जाऊन दाखवा. धनुर्वाताची सुई घेतली नसेल, तर घ्या.

पुन्हा नारळी पौर्णिमा

दोन महिने गेले. पाऊस ओसरू लागला. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आबांनी पडवीतली पेटी उघडली. सारे जण भोवती जमले. पाने काळेभोर आणि कोरडे होते. गळांची डबी स्वच्छ होती. खुंट्यांवर नवी साखळी टांगलेली होती. आबांनी एकेक कडी बोटांनी फिरवली. हाताला फक्त तेल लागले.

भिंतीवर सूनबाईने खडूने लिहिले होते: "साखळी धुतली २८ मे. तेल लावले २९ मे. जोडकडीची तार नवी."

आबांना वाचता येत नव्हते. त्यांनी थोरल्याला विचारले, "काय लिहिलंय रे?"

थोरल्याने वाचून दाखवले. आबा थोडा वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिले. मग सूनबाईला म्हणाले, "पुढच्या मे महिन्यात ही तारीख मीच लिहीन. तुझ्या वर्गात म्हाताऱ्यांना घेतात का?"

सूनबाई हसली. "घेतात आबा. तुमच्यापेक्षा म्हातारे येतात."

हंगाम चांगला गेला. दिवाळीच्या आधी बांगड्या घरी आल्या.

लक्षात ठेवा

१. गंजाला हवा आणि पाणी लागते. मीठ त्याला मदत करते.
२. मीठ दमट हवेतून पाणी ओढते. म्हणून घरात ठेवलेले लोखंडही गंजते.
३. मिठावर तेल लावू नका. झाडा, धुवा, वाळवा, मग तेल लावा.
४. पाणी कमी असेल, तर दोन घमेल्यांची रीत वापरा. पावसाचे पाणी साठवा.
५. वेगळे धातू एकत्र जोडू नका. पंख्याजवळच्या जस्ताला रंग लावू नका.
६. अर्धी झिजलेली कडी ही तुटलेली कडी समजा.

प्रश्न

१. थोरला दर वर्षी वंगण लावत होता. तरी साखळी का तुटली?
२. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी का सुटते? त्याचा साखळीशी काय संबंध आहे?
३. चौथा आणि पाचवा खिळा यांत काय फरक होता?
४. तुमच्या घरात लोखंडाच्या कोणत्या वस्तू खाऱ्या हवेत असतात? त्यांची यादी लिहा. प्रत्येक वस्तू शेवटची केव्हा धुतली, ती तारीख समोर लिहा.

शब्दांचे अर्थ

तांडेल – होडीचा प्रमुख
वाव – दोन्ही हात पसरून होणारी लांबी, सुमारे ६ फूट
गरी – दोरीला गळ बांधून मासे धरण्याचे साधन
वंगण – सांध्यांना लावायचे तेल किंवा ग्रीस
मुलामा – एका धातूवर चढवलेला दुसऱ्या धातूचा पातळ थर
मचूळ – थोडेसे खारट
पागोळी – छपराच्या कडेवरून पडणारी पाण्याची धार